परिघाची नोंद : एडिनबरोची ‘फ्रिंज’ आणि स्थानिक कलांचे स्थान

१९४८ साली एडिनबरोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाचे दुसरे वर्ष होते. रॉबर्ट केंप या नाटककार-पत्रकाराने त्या निमित्ताने स्थानिक सायंदैनिकात लिहिताना, अधिकृत नाट्यप्रयोगांच्या कडेकडेने चाललेल्या खाजगी उद्योगांचा उल्लेख केला आणि त्यासाठी ‘फ्रिंज’ हा शब्द वापरला. सूर किंचित थट्टेचा होता; एखादी संज्ञा घडवावी असा त्याचा हेतू नव्हता. तरीही हा शब्द टिकला. अ‍ॅडलेडमध्ये १९६० साली महोत्सव सुरू झाला तेव्हा त्याच वर्षी त्याच्या कडेने स्थानिक कलावंतांचेही कार्यक्रम उभे राहिले, आणि पुढे जगातील अनेक शहरांत ‘फ्रिंज’ हे एका विशिष्ट कलाव्यवहाराचे नाव झाले. अनिमंत्रित, अनियंत्रित, सर्वांना खुला असा उत्सव म्हणजे ‘फ्रिंज’, हा अर्थ आता कोशातही स्थिरावला आहे.

या शब्दाला मराठी पर्याय शोधू लागले की त्यातील अडचण स्पष्ट होते. ‘झालर’ म्हणावे, तर ती मागाहून शिवलेली शोभेची वस्तू. ती उसवली तरी वस्त्राला बाध येत नाही. ‘काठ’ म्हणावे, तर तो त्याच मागावर, त्याच विणीत निघतो; वस्त्राची मर्यादा तोच ठरवतो. ‘परिघ’ म्हटले की केंद्राचे अस्तित्व आधीच मान्य करावे लागते. तीन शब्द, आणि तीन निरनिराळे इतिहास. एडिनबरोत १९४७ नंतर जे घडले त्याला यांपैकी कोणता शब्द लागू पडतो, हा प्रश्न केवळ भाषांतराचा नाही. कारण त्या शहरात याच काळात असेही काही घडले, जे झालर नव्हते, काठ नव्हते आणि परिघही नव्हते. ते वेगळ्या मागावरचे वेगळे वस्त्र होते. ‘फ्रिंज’च्या रूढ इतिहासात त्याची नोंद एक तर होत नाही, किंवा झाली तर तळटीपेत होते.

रूढ इतिहास सर्वपरिचित आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर, ग्लाइंडबोर्न ऑपेराचे व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग, ब्रिटिश कौन्सिलचे हार्वी वुड, नगराध्यक्ष जॉन फॉल्कनर आदींच्या प्रयत्नांतून ऑगस्ट १९४७ मध्ये पहिला महोत्सव भरला. नाझी राजवटीमुळे देशोधडीला लागलेला ब्रूनो वॉल्टर हा संगीतसंचालक व्हिएन्ना फिलहार्मोनिक या आपल्या जुन्या वाद्यवृंदासमोर पुन्हा उभा राहिला. ती त्या महोत्सवाची खरीखुरी नैतिक उंची होती, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. नाटकांसाठी लंडनची ओल्ड व्हिक आणि पॅरिसहून लुई जूव्हेची मंडळी आली. स्कॉटिश नाटकमंडळ्यांना मात्र निमंत्रण नव्हते. तेव्हा आठ मंडळ्या निमंत्रणाविना दाखल झाल्या. त्यांतील सहा स्कॉटिश होत्या, दोन इंग्लिश. त्यांनी आपापली सभागृहे मिळवली आणि आपापले खेळ लावले. ही आठांची गोष्ट पुढे ‘फ्रिंज’ची जन्मकथा झाली. प्रत्येक जन्मकथेप्रमाणे हिच्यातही मूळ घटनेतील परस्परविरोध पुसून एक सलग प्रतिमा तयार करण्यात आली आहे: बंद दार, बाहेर उभे असलेले आठ बंडखोर, आणि त्यांनी स्वतःच उघडलेले दुसरे दार.

वस्तुतः या आठ मंडळ्यांत समान असे फारसे काही नव्हते. इंग्लंडहून आलेल्या पिलग्रिम प्लेअर्सनी टी. एस. एलियटची पद्यनाटके सादर केली. एलियट त्या वेळी इंग्रजी साहित्यव्यवहाराच्या केंद्रस्थानी होता. पुढच्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९४९ मध्ये त्याच्या ‘द कॉकटेल पार्टी’चा पहिला प्रयोग अधिकृत महोत्सवातच झाला. म्हणजे १९४७ मध्ये जो कडेला होता तो दोन वर्षांत मध्यभागी आला, आणि त्यासाठी त्याच्या अभिरुचीत तसूभरही बदल करावा लागला नाही. ग्लासगो युनिटी थिएटरची स्थिती याच्या नेमकी उलट होती. कामगार नाट्यसंघांच्या एकत्रीकरणातून १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या या मंडळीने गॉर्कीचे ‘द लोअर डेप्थ्स’ आणि रॉबर्ट मॅक्लेलनचे स्कॉट्स भाषेतील एक नाटक आणले होते. आर्ट्स कौन्सिलने त्यांचा आधार ऐन वेळी काढून घेतला होता. युनिटीचा वैचारिक वंश फॅसिझमविरोधी संयुक्त आघाडीच्या काळातला. १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘इप्टा’चाही तोच. युनिटीची तक्रार केवळ ‘आम्हाला का बोलावले नाही’ इतकी नव्हती. स्कॉटलंडमधील महोत्सवात स्कॉटलंडची भाषा आणि तिथला श्रमिक प्रेक्षक कोठे आहे, असे ती विचारत होती. पहिला प्रश्न प्रवेशाचा आहे, दुसरा प्रतिनिधित्वाचा. ‘फ्रिंज’ या शब्दाने दोन्ही एकाच पोत्यात भरले, आणि पुढे केवळ पहिला बाहेर काढला.

हा शब्द वापरणारा केंप स्वतः कोठे उभा होता, हेही पाहण्यासारखे आहे. त्याच १९४८ च्या अधिकृत महोत्सवात डेव्हिड लिंडसेच्या सोळाव्या शतकातील ‘अ‍ॅन सटायर ऑफ द थ्री एस्टेट्स’ या नाटकाचा प्रयोग झाला. टायरन गथ्रीने तो चर्च ऑफ स्कॉटलंडच्या असेंब्ली हॉलमध्ये, प्रेक्षकांत घुसणाऱ्या खुल्या रंगमंचावर दिग्दर्शित केला. त्याची रंगावृत्ती केंपने केली होती. १५५४ मध्ये एडिनबरोत झालेल्या प्रयोगानंतर जवळजवळ चारशे वर्षे हे नाटक रंगभूमीवर आले नव्हते. पहिल्या वर्षी स्कॉटिश नाटक नाही म्हणून झालेल्या टीकेला महोत्सवाने दिलेले ते उत्तर मानले जाते. उत्तर उत्तम होते, यात शंका नाही. परंतु ते अभिजाततेच्या भाषेत दिलेले उत्तर होते: स्थानिक भाषा चारशे वर्षे जुनी असेल, तर तिला मध्यभागी जागा आहे. जिवंत माणसांच्या तोंडची तीच भाषा मात्र युनिटीच्या प्रयोगांत, कडेला राहिली.

लिंडसेच्या संहितेत एक पात्र आहे, ज्याचा येथे विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. दोन भागांच्या मधल्या अवकाशात एक दरिद्री माणूस प्रेक्षकांतून उठून खेळाच्या जागेत शिरतो. सूत्रधार त्याला हाकलू पाहतो; तो राजाच्या रिकाम्या आसनावर चढून बसतो. आपण लोदियन प्रांतातले, ट्रॅनेंटपासून मैलभरावरचे, असे तो सांगतो. ट्रॅनेंट एडिनबरोपासून फार लांब नाही. बाप मेला, आई मेली, बायको मेली. प्रत्येक मरणागणिक धर्मगुरूने एकेक गाय नेली आणि जमीनदाराने घोडी नेली. अशी ती कैफियत आहे. अनिमंत्रित, स्थानिक, आणि खेळ थांबवून बोलणारा हा माणूस नाटककाराने संहितेतच लिहून ठेवला आहे. त्याचा हस्तक्षेप हा हस्तक्षेपाचा अभिनय आहे, हे खरे. पण सोळाव्या शतकातील प्रेक्षकाला तो क्षणभर तरी खरा वाटावा अशी ती योजना होती. लिंडसेला जे कळले होते ते १९४८ च्या पत्रकारितेला, अगदी त्याच नाटकावर राबलेल्या माणसालाही, शब्दात पकडता आले नाही. प्रेक्षकांतून उठणाऱ्या माणसाची तक्रार ‘कडेचा उद्योग’ या नावात मावत नाही.

ती तक्रार संघटित रूपाने मांडली गेली १९५१ मध्ये. कामगार संघटना, मजूर पक्षाच्या शाखा, सहकारी चळवळ आणि कम्युनिस्ट पक्ष यांतील कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन ‘एडिनबरो पीपल्स फेस्टिव्हल’ भरवला. तत्त्वज्ञानाचा अभ्यासक मार्टिन मिलिगन, शिक्षक नॉर्मन ब्यूकन, कवी आणि लोकगीतसंग्राहक हॅमिश हेंडरसन ही त्यामागची प्रमुख नावे. हा ‘फ्रिंज’चाच एक प्रकार होता काय? कालानुक्रमाने आणि स्थळाने पाहिले तर होय. ऑगस्टचा शेवट, तेच शहर, अधिकृत कार्यक्रमाबाहेरची सभागृहे. परंतु १९४७ च्या आठ मंडळ्यांपैकी बहुतेकांना महोत्सवासाठी आलेला प्रेक्षक हवा होता. पीपल्स फेस्टिव्हलला महोत्सवाकडे न फिरकणारा प्रेक्षक हवा होता. त्या शहरात राहून, तिकिटाच्या किमतीमुळे आणि त्याहूनही अधिक संकोचामुळे, आपल्याच गावच्या उत्सवाला परका झालेला प्रेक्षक. जोन लिटलवुडच्या थिएटर वर्कशॉपने यूअन मॅकॉलचे ‘युरेनियम २३५’ हे अणुयुगावरचे नाटक या उत्सवात केले. पण इतिहासाच्या दृष्टीने खरी घटना घडली ती ३१ ऑगस्ट १९५१ च्या रात्री, ऑडफेलोज हॉलमध्ये.

त्या रात्रीच्या कार्यक्रमाला ‘केयली’ म्हटले होते. गेलिक भाषेतील या शब्दाचा मूळ अर्थ भेट. संध्याकाळी शेजाऱ्याच्या घरी जमणे, आणि त्या जमण्यात ओघाने येणारे गाणे, गोष्ट, वाद्य, क्वचित नाच. घरगुती केयलीत गाणारा आणि ऐकणारा असा कायमचा भेद नसतो. पाळी येईल तो गातो. हेंडरसनने या कार्यक्रमासाठी जे गायक गोळा केले ते व्यावसायिक नव्हते. पोर्टसॉयचा जिमी मॅकबेथ हा गावोगाव भटकून गाणारा. फायव्हीचा जॉन स्ट्रॅकन सुखवस्तू शेतकरी. बकीची जेसी मरे मासळी विकणारी, आणि तिच्यासोबत तिची भाची ब्लांच वुड. बारा बेटावरून मूळ धरलेले फ्लोरा मॅकनील आणि कॅलम जॉन्स्टन गेलिकमध्ये गायले. जॉन बर्जेस हा सतरा वर्षांचा पाइपवादक होता. ईशान्येकडचे स्कॉट्स आणि पश्चिम बेटांवरचे गेलिक या दोन भाषांची गाणी, कोणत्याही पियानोच्या साथीशिवाय, एकाच मंचावर नागर श्रोत्यांनी ऐकावीत, हे तोवर जवळजवळ अघटित होते.

या ‘साथीशिवाय’ला महत्त्व आहे. एडिनबरोच्या मध्यमवर्गाला गेलिक गीत ठाऊक नव्हते असे नाही. मार्जरी केनेडी-फ्रेझरच्या ‘साँग्ज ऑफ द हेब्रिडीज’चा पहिला खंड १९०९ मध्ये निघाल्यापासून ते दिवाणखान्यात पोचले होते, पण पियानोच्या स्वरमेळात बसवून, इंग्रजी शब्दांची शाल पांघरून. दुसरीकडे संगीत-विनोदगृहांनी घागरेवजा किल्ट घातलेला विदूषकी स्कॉट रूढ केला होता. स्थानिक कला म्हणजे एक तर सुसंस्कृत केलेली किंवा हास्यास्पद केलेली, असे हे दोनच पर्याय होते. १९५१ च्या त्या रात्री तिसरा पर्याय ऐकू आला. जेसी मरेसारखी बाई तिच्या घरी जशी गाते तशी गायली, आणि ते ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या आयुष्याची दिशा बदलली. नॉर्मन ब्यूकन स्वतः त्यांत होते. पुढे ‘१०१ स्कॉटिश साँग्ज’ हा १९६२ चा संग्रह त्यांच्याच हातून आला.

मात्र त्या रात्रीचे भाबडे वर्णन करणे हा त्या घटनेवरही अन्याय होईल. घरची केयली सभागृहात आली तेव्हाच तिचे स्वरूप बदलले होते. खुर्च्या एका दिशेने मांडलेल्या, निवेदक हेंडरसन गायकाची ओळख करून देणार, टाळ्या पडणार. पाळीने गाणाऱ्यांची मैफल ही निवडलेल्या गायकांची मैफल झाली, आणि निवड करणारा केंब्रिजमध्ये शिकलेला कवी होता. शिवाय सभागृहात ध्वनिमुद्रणयंत्र होते. अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधी वातावरणामुळे १९५० मध्ये युरोपात आलेला अ‍ॅलन लोमॅक्स त्या उन्हाळ्यात हेंडरसनच्या वाटाडेपणाखाली स्कॉटलंडभर गाणी मुद्रित करत हिंडत होता, आणि ही रात्रही त्याने फितीवर घेतली. ती आज ऐकता येते ती त्यामुळेच. २००५ मध्ये ती तबकडीच्या रूपाने प्रसिद्ध झाली. मौखिक परंपरेतील गाणे दर वेळी थोडे निराळे असते, आणि फितीवरचे गाणे कायम तेच राहते, हा पेच लोकसाहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. हेंडरसनला त्याची जाणीव होती. परंपरेला तो वाहता प्रवाह म्हणत असे. त्या प्रवाहात आपण बांध घालतो आहोत की घाट, याचे उत्तर त्याने सिद्धांतात दिले नाही. पुढच्या पिढीच्या गायकांना ती गाणी शिकायला लावून दिले.

हेंडरसनच्या या उद्योगामागे एक सैद्धांतिक बैठक होती, आणि ती साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगी नाही. युद्धात उत्तर आफ्रिका आणि इटलीत असताना त्याने सैनिकांची गाणी जमवली. ‘एलेजीज फॉर द डेड इन सायरेनेका’ हा त्याचा काव्यसंग्रह १९४८ मध्ये आला. इटलीतील ओळखींतून ग्राम्शीचे तुरुंगातील लेखन त्याच्या हाती पडले, आणि इंग्रजी जगात ग्राम्शीचे नावही फारसे ठाऊक नसताना त्याने त्याच्या तुरुंगातील पत्रांचे भाषांतर हाती घेतले. लोकसंस्कृती ही जुन्यापान्या गमतींची पेटी नसून अंकित वर्गांची, अधिकृत विश्वदृष्टीशी विसंगत अशी विश्वदृष्टी आहे, हा ग्राम्शीचा विचार ऑडफेलोज हॉलमधील त्या मैफलीच्या मुळाशी आहे. ग्राम्शी मात्र त्या विश्वदृष्टीला विस्कळित आणि अंतर्विरोधांनी भरलेली म्हणतो, आणि तिच्या पलीकडे जाण्याची गरज सांगतो. हेंडरसनने पहिला भाग जितक्या आवडीने उचलला तितका दुसरा उचलला नाही, असे म्हणावे लागते.

नेमक्या या दुसऱ्या भागावर त्याच्यावर हल्ला झाला, तोही अनपेक्षित बाजूने. १९५२ ची केयली ह्यू मॅकडायरमिड या कवीच्या साठीनिमित्त त्याच्या सन्मानार्थ झाली होती. विसाव्या शतकातील स्कॉट्स कवितेचा तो अध्वर्यू, स्वतः कम्युनिस्ट. त्याच्या १९२५–२६ च्या सुरुवातीच्या कविता जुन्या बॅलडच्या मातीतून उगवलेल्या. तोच मॅकडायरमिड १९६४ मध्ये ‘द स्कॉट्समन’च्या पत्रव्यवहाराच्या स्तंभांत लोकगीतांवर तुटून पडला. निरक्षर भूतकाळाच्या त्या अवशेषांत रमणे म्हणजे आधुनिक जगाला पेलेल अशा बौद्धिक कवितेकडे पाठ फिरवणे, असा त्याचा मुद्दा होता. हेंडरसनने प्रतिवाद केला तो मॅकडायरमिडच्याच कवितेकडे बोट दाखवून. स्कॉटिश परंपरेत अशा शाब्दिक द्वंद्वाला ‘फ्लायटिंग’ म्हणतात; मराठी वाचकाला कलगी-तुऱ्याच्या झगड्याची आठवण व्हावी. हा झगडा कोणी जिंकला हे सांगणे व्यर्थ आहे. त्यातून इतके मात्र उघड झाले की ‘स्थानिक’ हा शब्द उच्चारणाऱ्यांच्या छावणीतही केंद्र आणि परिघ होते. मॅकडायरमिडला लंडनचे केंद्रत्व अमान्य होते, लिखित संहितेचे मान्य होते.

तोवर पीपल्स फेस्टिव्हल मात्र संपलेला होता. त्याचे मरण कलेच्या कारणाने आले नाही. शीतयुद्धाच्या हवेत, १९५२–५३ च्या सुमारास, मजूर पक्षाने आणि स्कॉटिश ट्रेड्स युनियन काँग्रेसने कम्युनिस्ट वर्चस्वाच्या संशयावरून त्याच्याशी संबंध तोडले. आधार संघटनांचाच होता; तो गेल्यावर पैसा गेला. १९५३ च्या केयलीत जीनी रॉबर्टसन गायली. अ‍ॅबरडीनच्या भटक्या समाजातील ही स्त्री पुढे विसाव्या शतकातील थोर बॅलडगायिका म्हणून ओळखली गेली. १९५४ नंतर उत्सव भरला नाही. पुढे २००२ मध्ये, हेंडरसनच्या निधनाच्याच वर्षी, याच नावाचा उपक्रम नव्याने सुरू करण्यात आला, हे खरे. पण मधली अठ्ठेचाळीस वर्षे भरून निघत नाहीत.

या अठ्ठेचाळीस वर्षांत ‘फ्रिंज’ वाढली. १९५८ मध्ये तिची संस्था स्थापन झाली. कोणत्याही कार्यक्रमाची निवड वा पारख करायची नाही, केवळ समाईक कार्यक्रमपत्रिका, तिकीटविक्री आणि माहिती यांची सोय करायची, असे तिचे धोरण ठरले. तत्त्व उदात्त आहे आणि त्याने रंगभूमीला पुष्कळ दिले. पण निवड कोणी करत नाही याचा अर्थ निवड होत नाही असा नव्हे. ती सभागृहाचे भाडे, ऑगस्टमधील राहण्याचा खर्च आणि समीक्षकांचे वेळापत्रक यांच्याकडे सोपवली जाते. २०१९ मध्ये ३२३ स्थळी ३,८४१ कार्यक्रम झाले आणि तीस लाखांवर तिकिटे गेली. एवढ्या विस्ताराला कड म्हणणे म्हणजे वस्त्रापेक्षा झालर मोठी झाल्याचे मान्य करणे होय. याच इतिहासातील एक विनोद असा, की १९६० मध्ये गाजलेला ‘बियाँड द फ्रिंज’ हा चार तरुणांचा उपहासप्रयोग कडेच्या पलीकडचा वगैरे नव्हताच. तो अधिकृत महोत्सवाने लावला होता. कडेचे आकर्षण केंद्राला आधी कळले, असे यावरून म्हणता येते.

आता नकाशावर शहराची कड पाहावी. एडिनबरोच्या मध्यापासून सुमारे तीन मैलांवर, आग्नेयेला, क्रेगमिलर ही वसाहत आहे. जुन्या शहरातील कोंदट वस्त्या पाडल्यावर, १९३० च्या दशकापासून, तेथील माणसांना इकडे आणून वसवले गेले. घरे आली, सभागृह, दुकाने, खेळाची जागा यांची वाण राहिली. जवळच्या कोळसाखाणी आणि मद्यनिर्मितीचे कारखाने हा रोजगार, आणि तोही पुढे आटत गेला. १९६० च्या दशकाच्या आरंभी या वसाहतीतील हेलन क्रमी या गृहिणीने मुलाला व्हायोलिन शिकवाल का, अशी शाळेत विचारणा केली. या मुलांना लिहिणे-वाचणे-गणित शिकवण्यातच सारा वेळ जातो, अशा आशयाचे उत्तर मिळाले. त्या वेळी शहराच्या मध्यभागी दर ऑगस्टला जगातील उत्तमोत्तम व्हायोलिन वाजत होती. शाळेच्या माता-मंडळातील बायकांनी ठरवले, की वसाहतीतल्या माणसांना काय येते ते आपणच दाखवू. त्यातून क्रेगमिलर फेस्टिव्हल सोसायटी उभी राहिली. तिचा आरंभ १९६२ चा मानतात.

या प्रसंगातील वाद्य नीट पाहिले पाहिजे. स्कॉटलंडमध्ये व्हायोलिन आणि ‘फिडल’ हे एकच वाद्य आहे. वाद्यवृंदात बसले की ते अभिजात, खेड्यातील नाचाला साथ करू लागले की ते लोकवाद्य. हेलन क्रमीची मागणी यांपैकी कोणत्या वाद्याची होती, हा प्रश्न तिला सुचलाही नसेल. तो प्रश्न संस्कृतीचे वर्गीकरण करणाऱ्यांचा आहे. हेंडरसनने ‘लोक’ या संकल्पनेच्या बळावर जे उभे केले त्याहून हे अधिक मूलगामी होते, कारण येथे ‘स्थानिक’ची व्याख्या कलाप्रकारावरून केलेलीच नव्हती. वसाहतीतील मुलाने जे वाजवले ते स्थानिक. उत्सवात नाच होते, गायन होते, चित्रे होती, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वसाहतीतील माणसांनी बसवलेली, आपल्याच घरांवर, आपल्याच नगरपालिकेवर आणि नियोजनकारांवर बेतलेली संगीत नाटके होती. त्यांतील उपहासाचे लक्ष्य कधीकधी प्रेक्षकांतच, पाहुण्यांच्या रांगेत बसलेले असे. लिंडसेचा ट्रॅनेंटचा माणूस येथे संहितेची वाट न पाहता उठला होता.

क्रेगमिलरचे यश हेच त्याच्या अडचणीचे मूळ ठरले. नाटकासाठी जमलेल्या माणसांनी आपल्या वसाहतीचे प्रश्न हाती घेतले. १९७६ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाच्या दारिद्र्यविरोधी कार्यक्रमातून मोठे अनुदान आले. सोसायटी बघता बघता समाजसेवेची मोठी यंत्रणा झाली. त्या काळात समुदायकला या नावाने जे काही ब्रिटनभर चालले त्याला क्रेगमिलर हा आदर्श वाटला. पण अनुदानाची भाषा फळाचा हिशेब मागते. नाटकाने किती माणसे कामाला लागली, किती मुले शाळेत टिकली, हे विचारले जाऊ लागले की नाटक कसे होते हे विचारणे मागे पडते. उत्सवाचे समर्थन उत्सवाबाहेरच्या लाभांवर केले, की ते लाभ अन्य मार्गाने स्वस्तात मिळतील असे वाटताच उत्सव निराधार होतो. २००२ मध्ये सोसायटी बंद पडली. हेलन क्रमीने १९९२ मध्ये ‘लेट द पीपल सिंग’ या नावाने लिहिलेला वृत्तान्त मागे उरला.

या साऱ्याची कागदपत्रे आज कोठे आहेत, यावरून त्याचा इतिहास कोण लिहिणार हे ठरते. युनिटी आणि तिच्यासोबतच्या मंडळ्या नाट्येतिहासात आहेत. पीपल्स फेस्टिव्हलच्या गाण्यांकडे लोकसाहित्याचे अभ्यासक पाहतात. १९५१ मध्येच स्थापन झालेल्या एडिनबरो विद्यापीठाच्या ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’च्या संग्रहाने त्या गायकांना सांभाळले. क्रेगमिलरवर लिहिले गेले ते बहुतांशी समाजकार्य आणि वसाहतविकास या शीर्षकांखाली. एकाच शहरातील, पंधरा-वीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या, एकमेकींना उत्तर देणाऱ्या तीन घटना तीन ज्ञानशाखांच्या तीन कपाटांत गेल्या आहेत, आणि रिकाम्या राहिलेल्या जागेत ‘फ्रिंज’ची आठ मंडळ्यांची जन्मकथा सुखाने नांदते आहे. साहित्यसमीक्षेने क्रेगमिलरच्या संगीत नाटकांना संहिता म्हणून हात घातल्याची उदाहरणे विरळाच. त्यांतील स्कॉट्स बोली, विडंबनाची तंत्रे, रूढ चालींवर बसवलेले नवे शब्द आणि जिवंत प्रेक्षकाला उद्देशून केलेली शेरेबाजी यांचा विचार हा लिंडसेच्या नाटकाच्या अभ्यासाइतकाच वाङ्मयीन विचार ठरेल. दोन्हींत परंपरेने आलेली युक्ती एकच आहे.

हेलन क्रमी २०११ मध्ये निवर्तली. तिच्या दुसऱ्या एका मुलाने, अँड्र्यू क्रमी या चित्रकाराने, स्कॉटलंडच्या इतिहासाचा भव्य भरतकामपट रेखला. देशभरातील सुमारे हजार हातांनी तो भरला, आणि २०१३ मध्ये तो स्कॉटिश संसदेच्या इमारतीत प्रथम मांडला गेला. २०१४ मध्ये क्रेगमिलरच्या रस्त्यावर हेलनचे शिल्प उभारले. त्यात तिच्यासोबत तिचा मुलगा आहे, आणि व्हायोलिन आहे.